रोचनाबाईसाहेबांचे अंगणातील धुळीची हकीगत

ज्योतीस नमन, धुळीस दंडवत. राज्यारोहण शके दहा लक्ष, ते समयी एका अनाम प्रांती रोचनाबाईसाहेब नामे नवतारका राज्य करीत होत्या. त्यांस शेजारच्या तरण्या तारकांनी पैज घातली की, हिंमत असेल तर भर दरबारी पुसावे, "आमचे अंगणातली ही धूळ सरणार कधी, आणि हिचे काही होणार की नाही?" बाईसाहेबांनी खणखणीत पुसिले. धूळ तर थाळीसारखी चपटी होऊन बाईंभोवती गरगरा फिरत होती, आणि धुळीत वायू कोंदला होता. मग कारभारी कणाजीपंत हात जोडोन बोलिले, "सरकार, धीर धरावा. कणास कण चिकटतो, त्याचा खडा होतो, खड्याचा धोंडा होतो, धोंड्यांचा ग्रह होतो."

"हे तुम्ही चौदा वेळा सांगितलंत, पंत! ग्रह कुठाय?"

पंतांनी मान खाली घातली, कारण राज्याची रीतच ऐशी की वायू संथ चाले आणि धोंडे जलद चालत, मग धोंड्यांस समोरून वारा लागे आणि चाल ढिली पडे, आणि ढिली पडली की घसरत घसरत थेट बाईसाहेबांचे मुखी. ज्यास वाढवावे तोच पोटात! बाई कावोन ओरडत, "अहो, नकोय मला! अडवा ना त्याला कुणीतरी!" अडवितो कोण? आणि त्यात मायबाप. मेघोजीराव आणि अभ्राबाई, ज्या थोर मेघांचे पोटी बाई जन्मल्या, ते वरोन धूळवायूचे लोटच्या लोट धाडीत आणि म्हणत, "खा गं बाळ, वाढीचं वय आहे."

मग नवल वर्तले. धोंडोजी नामे एक गोळा वाटेतली धूळ गोळा करीत इतका थोर जाहला की त्याचे फेऱ्यांनी अंगणात चर पडला, आणि चरापल्याड वायू दाटोन धोंड्यांचे बरोबरीने चालू लागला, मग तेथले धोंडे घसरावयाचे थांबले आणि त्यांचे वाटोळे कडे जाहले. बाई हरखोन म्हणाल्या, "पंत, टिकला! माझा पहिला!"

पंत खाकरले. "टिकले म्हणवत नाही, सरकार. वायू आहे तोवर धोंडोजीही दर फेरीस केसभर आत सरकतात."

"आणि वायूच घालवला तर?"

"मग आहेत तेथेच राहतील. परंतु वायू पांघरोन महाकाय व्हावे हे त्यांचे मनी होते, ते राहोन जाईल. खडकाळच राहतील."

बाईंनी धोंडोजीस हाक मारिली, "काय रे, मोठा होतोस की जगतोस?"

धोंडोजी धापा टाकीत बोलिला, "बाईसाहेब, मोठेपण गेलं खड्ड्यात! आधी मला तुमचे तोंडापासून लांब ठेवा!"

इतक्यात मायबापांकडोन नवा लोट निघाल्याची वर्दी आली, आणि बाईंचा संताप मस्तकी गेला.

सारांश, कण वाढले, बहुत धोंडे गिळले गेले, एक ग्रह जाहला, आणि त्या एकासाठी रोचनाबाईसाहेबांनी मायबापांस तोंडावर सांगितले, "आई, आबा, आजपासून माझं खाणं बंद. मी माझ्या उन्हाने अंगणातला सगळा वायू उडवून लावणार आहे, तुमचा लोटसुद्धा. रागवायचं तर रागवा. माझ्या घरात आता एक लेकरू फिरतंय, आणि ते मी गिळणार नाही."