बांधावरच्या लावरीचं मोल

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येक प्राण्याच्या नावावर सातबारा होता. हसू नका. तलाठी माकड होतं, तरी उतारे वेळेवर मिळत.

तिथं साळिंदरबाईंच्या मालकीचा एक बांध होता. सिंहसरकारने योजना काढली: बांधावरचं गवत उपटू नका, लावरीसारख्या इवल्या पाखरांना घरटं करू द्या, आणि दर पंधरवड्याला टोपलीभर कंद घेऊन जा.

बाई आधी कंदांसाठीच राजी झाल्या. खोटं कशाला बोला? पण एका लावरीने गवतात नऊ अंडी घातली आणि बाईंचा जीव त्या अंड्यांत अडकला. काटे वाजू नयेत म्हणून त्या बांधावरून अंग चोरून चालू लागल्या. साळिंदराने अंग चोरणं म्हणजे काय, ते एकदा बघाच!

मग दरबाराला प्रश्न पडला. एवढे कंद वाटले, पण लावरीचं मोल निघालं किती? मोजायला बगळेसाहेब आले. तज्ज्ञ होते. एका पायावर उभं राहून त्यांनी सगळ्यांना विचारलं, "लावरीसाठी तुम्ही किती कंद द्याल?"

"फुकट गाते की," हरीण म्हणालं. "द्यायचे कशाला?"

"माझे सगळे," साळिंदरबाई म्हणाल्या.

"तुम्ही लाभार्थी. तुमचं मत धरता येत नाही."

लावरी म्हणाली, "माझ्याकडे कंद कुठले, साहेब? ही नऊ अंडी आहेत." साहेबांनी शून्य लिहिलं.

शेवटी मुंगूसराव आले. त्यांनी आवंढा गिळला. "पाचशे! अंडी ताजी असतील तर सहाशे!"

साहेबांचे डोळे पाणावले. निसर्गावर एवढं प्रेम त्यांनी कुठल्याच जंगलात पाहिलं नव्हतं. ज्याला मोल कळतं त्याच्याच हाती बांधाची राखण द्यावी, असा हुकूम निघाला. सहाशे कंद मात्र कुणी मागितले नाहीत. प्रश्न फक्त 'किती द्याल' एवढाच होता.

"अहो साहेब, तो खाईल ना ती!" साळिंदरबाई रडकुंडीला आल्या.

"बाई, भावना नकोत. आकड्यात सांगा."

"नऊ," बाई म्हणाल्या.

"सहाशेपुढे नऊ?" साहेब हसले.

दुसऱ्या दिवशी गवतात नुसती टरफलं होती. बाई त्यांच्याजवळ दिवसभर बसून राहिल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी झाली. मुंगूसरावांनी हजार कंद सांगितले. लावरी मिळेनाशी झाली होती ना! मोल वाढलेलं बघून सरकारने योजना सगळ्या जंगलाला लागू केली. राखणीला मुंगसं कमी पडली.

तात्पर्य: मुलांनो, निसर्गाचं मोल ओळखायला शिका. ज्यांनी ते आधी ओळखलं, त्यांची पोटं बघा केवढी सुटलीत.