फोटोतली नोटीस

धुमाळ सरांना मोबाईलवर नोटिशीचा फोटो पाठवला, की त्यांच्यापुरती ती नोटीस निघालेलीच नसते. चांगले धडधाकट डोळे असून म्हणतात, "मला न्हाई दिसली." प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नाला हे गेले नाहीत. का, तर पत्रिका फोटोत होती! प्राचार्यांच्या रोजच्या गुड मॉर्निंगलाही यांचं उत्तर ठरलेलं: "चित्रात काय हाय ते लिहा." शेवटी त्या भल्या माणसाने लिहिलं, "गुलाब. दोन."

नगरच्या आमच्या कॉलेजात सर ग्रंथालयशास्त्र शिकवतात. दिव्यांगांपर्यंत माहिती कशी पोचवायची, हा त्यांचा लाडका विषय. लाडका म्हणजे किती, तर तासाला मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधतात आणि कॉलेजची वेबसाइट मोबाईलकडून मोठ्याने वाचून घेतात. मोबाईल "इमेज, इमेज, बटन" एवढंच बरळतो. इथल्याच नागापूरच्या एका मुलीने सोनेरी महिरप काढून प्रकल्प दिला, तर म्हणाले, "मोबाईलला वाचता येतोय का? न्हाई ना? मग शून्य." पोरगी रडत माझ्या खिडकीशी आली.

मी ऑफिसात क्लार्क. सहीशिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की माझं काम संपतं. पण ह्यांच्या हट्टापायी तोच मजकूर मोबाईलवर पुन्हा बडवा! वर दरवर्षी नव्या वर्गाच्या ग्रुपमध्ये कुठला तरी एक जुना नंबर घुसवतात. मी काढते, ते परत घालतात. रिकामपणाचे उद्योग, दुसरं काय!

यंदा परीक्षा अर्धवट सोडलेल्यांना फॉर्म भरायची एक संधी मिळाली. शनिवार शेवटचा दिवस. मी नेहमीप्रमाणे फोटो टाकला. दहा मिनिटांत सर धापा टाकत हजर.

"मॅडम, टाइप करून टाका."

माझं डोकंच फिरलं. "सर, अख्ख्या कॉलेजात एक तरी अंध विद्यार्थी दाखवा मला!"

"हुती ना. वंदना." सर खुर्चीत बसले. "लई हुशार पोरगी. मोबाईल तिला समदं वाचून दाखवायचा. पन फोटो कसा वाचनार? दुपारचा पेपर सकाळी घेतला, त्या नोटिशीचा फोटो मीच टाकला हुता ग्रुपवर. वडलांचा हात धरून, संगमनेरला एसटी बदलून ती अकोले तालुक्यातनं आली, तवा पेपर सुटला हुता. परत आलीच न्हाई."

"मग तो जुना नंबर..."

"तिचाच. टाकलेलं वाचती, निळी खूण येती. बोलत न्हाई."

मला माझीच लाज वाटली. नोटीस अवघ्या पाच ओळींची होती. मी ती तिथल्या तिथे टाइप केली.

शनिवारी दुपारपासून सर माझ्या खिडकीबाहेर उभे, नजर फाटकाकडे. कुणी कितीही विनवण्या केल्या तरी मी पाचच्या ठोक्याला खिडकी बंद करते. त्या दिवशी सहा वाजून गेले तरी उघडीच ठेवली, आणि संगमनेरहून येणारी पुढची एसटी किती वाजता आहे, ते मीच सरांना विचारलं.