एक मिनिट शांतता

सासूबाई फिलोमिनाबाई गेल्याला महिना झाल्याची चर्चमधली मिस्सा झाली, की आज सासऱ्यांना कसंही करून पोटभर जेवायला घालायचं, असं एमिलीनं मनाशी ठरवलं होतं. वसईहून शारजाला लेकाकडे आल्यापासून जोकिमपप्पा ताटावर बसत, दोन घास चिवडत आणि उठत. "भूक नाही, बाय," एवढंच. त्यांच्या दुःखाला धक्का नको म्हणून घरात कुणी टीव्हीसुद्धा लावत नव्हतं.

ग्लेननं गाडी उम्म अल कुवैनला, खाडीकाठच्या एका रेस्टॉरंटकडे काढली. "मासे ताजे, गर्दी नाही. एकदम शांत," तो बायकोला म्हणाला.

शांत! आत पाऊल टाकताच छातीत ढोल वाजायला लागले. कोपऱ्यात कानांवर हेडफोन चढवलेला पोरगा आपल्या मशिनीवर डुलत होता. आणि नाचायला जागा म्हणाल, तर टेबलांमधून जाताना वेटरलाच तिरकं व्हावं लागत होतं.

"जेवायच्या जागी डीजे कशाला?" एमिली ओरडली.

"मम्मा, इट्स द वाइब!" दहा वर्षांची शेनॉन म्हणाली.

"वाइब काय वाइब! आजीची मिस्सा झाली ना आज?"

पापलेट आलं. एमिलीचा जीव मात्र त्या आवाजात अडकला होता. पप्पांना काय वाटत असेल! शेवटी ती उठलीच. वेटरनं मॅनेजरकडे धाडलं, मॅनेजरनं हात वर केले, "व्हॉल्यूम डीजे के हाथ में है, मॅडम." मग ती थेट त्या पोरापुढे जाऊन उभी राहिली.

"भैया, हमारी सास गुजर गई है. ससुरजी खाना नहीं खाते. प्लीज, बंद करो."

पोरगा, अर्श त्याचं नाव, भलताच हळवा निघाला. त्यानं गाणं बंद केलं, डोळे पुसले आणि माइक उचलला. "लेडीज अँड जेंटलमेन, उस टेबल के अंकल की वाइफ नहीं रहीं. प्लीज, एक मिनट का मौन."

सगळं रेस्टॉरंट उभं राहिलं. वेटर हातातल्या ट्रेसकट थिजले. सगळ्यांच्या नजरा पप्पांवर. पप्पाही उठले, पण एक गाल फुगलेला. तोंडात पापलेटाचा घास, आणि मौनात चावावं तरी कसं? ते तसेच उभे राहिले, गंभीर.

तेव्हा कुठे एमिलीनं त्यांचं ताट पाहिलं. एका पापलेटाचा निव्वळ काटा उरला होता. दुसरं अर्ध्यावर आलं होतं.

मिनिट संपलं. पप्पांनी घास कसाबसा गिळला आणि ताट दूर सारलं.

"पप्पा, जेवा ना. आता शांत झालंय."

"शांत तर घरीपण असतं, बाय. तुम्ही सगळे श्वास रोखून माझ्या घासाकडे बघत बसता. तो उतरणार कसा?" पप्पा हळूच म्हणाले. "फिलू जेवताना सारखी बडबडायची. मी ऐकायचो थोडाच! पण घास जायचा. आत्ता या पोराच्या गोंगाटात बरं चाललं होतं."

एमिली उठली. पुन्हा अर्शकडे गेली.

"भैया, फिर से लगाओ."

"कुछ धीमा, दीदी? सॅडवाला?"

"नहीं. वही. और जोर से."

ढोल पुन्हा सुरू झाले. एमिलीनं आपली खुर्ची खाडीकडे वळवली. ग्लेन बापाच्या ताटात डोकावायला लागला, तशी तिनं टेबलाखालून त्याला लाथ घातली. आणि मग, मान न वळवता, भाताचं भांडं पप्पांच्या बाजूला सरकवलं.