सेक्टरातील मुलांचे निव्वळ वजन

देशाचं पोलाद भट्टीत तयार होतं आणि देशाची पिढी मैदानावर, याबद्दल दुमत नाही. १९६१ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या एका सेक्टरात मुलं एकतीस, चिंचेची झाडं चार, मैदान शून्य आणि बाल-आरोग्य समितीचे सभासद नऊ होते. (खुर्चीत बसून मुलाला ‘जा, बाहेर खेळ’ असं सांगितलेली कोणतीही व्यक्ती सभासदत्वास पात्र होती.)

चिटणीस विजयकुमार नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेला, कारखान्याच्या प्रयोगशाळेत खनिजाचे नमुने तपासणारा. मोजल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नसे. त्याच्या पाहणीत मुलांचा व्यायाम पूर्णपणे अनियोजित आढळला. जेवणाच्या सुटीआधी मुलं बापाचा गरम डबा घेऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत धावत. येताना चिंचेवर चढत, बोरं खात. यातल्या कशालाच मंजुरी नव्हती.

आधी वजन घेणं भाग होतं. एकेक मूल तोलण्यात वेळ जातो, म्हणून खनिजाचे ट्रक तोलायच्या काट्यावर सगळ्यांना एकदमच तोललं. भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक : सहाशे चाळीस किलो.

मग धावणं बंद झालं आणि नियोजित कवायत सुरू झाली. मुलांना कवायतीच्या जागी न्यायला ट्रक लागला. डबेही त्यातच, कवायत आटोपली की पोचवायचे.

“पोरीले पळू नको म्हनता, अन् पळाव कसं थे शिकवून राहिले!” एकतिसांतल्या नलूची आई सिंधुताई म्हणाली. तिचं म्हणणं तांत्रिक नसल्यानं विचारात घेतलं गेलं नाही.

आहारासाठी केळी आणि भिजवलेले चणे आले. नमुना तपासल्याशिवाय माल पुढे जात नाही, हा प्रयोगशाळेचा नियम. नऊही सभासदांनी रोज नमुने तपासले. माल उत्तम निघाला. मुलांना केळ्यांविषयी माहिती देण्यात आली.

तिसऱ्या आठवड्यात नलूनं विजयकुमारला गाठलं. “काका, डबा भोंग्यानंतर येते. माहे बाबा कालही उपाशीच कामावर गेले.”

विजयकुमारला हे खटकलं. त्यानं ते अध्यक्ष कृष्णरावांच्या कानावर घातलं.

“शेवटचं वजन होऊ द्या,” कृष्णराव म्हणाले, “मग बघू.”

शेवटच्या वजनाच्या दिवशी प्रोत्साहन म्हणून समितीही ट्रकमध्ये बसली. फाटकाच्या अलीकडे ट्रक बंद पडला. सुटी संपत आली होती. नलूनं एकवार फाटकाकडे पाहिलं, डबा काखेत मारला आणि खाली उडी टाकली. “चला बे!” मागोमाग बाकीचे तीस.

“अरे, बसा! वजन व्हायचंय!” कृष्णराव ओरडले.

“तुमचंच करून घ्या, काका!” नलू धावता धावता म्हणाली.

भोंगा व्हायच्या आत तिच्या बापानं, तेजरामनं, डबा उघडला. भाजीतून वाफ निघत होती.

ट्रकमध्ये आता फक्त पात्र व्यक्ती उरल्या होत्या. (पात्रतेची अट वर दिली आहे. वाचकानं ती स्वतःला लावून पाहावी आणि लागू पडल्यास सरकून जागा करून घ्यावी.) ऊन असल्यानं कोणीही उतरलं नाही, विजयकुमारही नाही. दुसऱ्या ट्रकनं ओढून हा ट्रक काट्यावर आणला.

निव्वळ वजन : सहाशे साठ किलो. वाढ : वीस किलो.