कशावरून विचारणारे बोरसेभाऊ

बोरसेभाऊंना फोन करून "मी सुनील बोलतोय" एवढं सांगून भागत नाही. पलीकडून शांतपणे विचारणा होते, "कशावरून?" मग लॅबमधल्या कुठल्या खुर्चीचं चाक निखळलंय ते सांगावं लागतं. त्यानंतर गप्पा. मीटर बघायला आलेल्या माणसानं ओळखपत्र दाखवलं, तर भाऊ म्हणाले, "हे तुम्हाला ज्यानं दिलं, त्याची सही कुठंय?" तो माणूस आता भाऊंचं रीडिंग अंदाजानं लावतो.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात भाऊ कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. मी त्यांच्या हाताखाली होतो. निवृत्तीनंतर त्यांनी एक बिनपगारी काम धरलं. जुन्या, दमलेल्या कॉम्प्युटरवरही चालेल असा एक हलका ब्राउझर परदेशातल्या कुण्या हौशी माणसानं लिहिला होता. तो लिनक्स या मोफत प्रणालीवर एका झटक्यात बसावा असं त्याचं पॅकेज बांधून नेटवर ठेवायचं, हे भाऊंचं काम. वापरणारे मोजके. त्यातली एक पाचोऱ्याची अक्का, भाऊंची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका.

एका सकाळी भाऊंनीच फोन केला. आवाज पडलेला होता.

"सुनील, हा ब्राउझर कोपऱ्यात कुलपाचं चित्र दाखवतो, पण समोरच्या साइटचं प्रमाणपत्र तपासतच नाही. लिहिणाऱ्यानं तो भाग अर्धा सोडलाय. म्हणजे दाराला कडी लावून घेतो, पण आत कोणाला घेतलं ते बघत नाही. आणि मी तो तसाच बांधून दिला."

"मग आता?"

"नेटवरचं पॅकेज सुधारलं. तपासणीचा भाग पुरा होईपर्यंत कुलूपवाली एकही साइट त्यात उघडणार नाही. पण अक्कानं काल त्यावर पेन्शनचा पासवर्ड टाकलाय. चल, पाचोऱ्याला जाऊ."

"फोनवर सांगा ना तिला, बदलून टाक म्हणून."

"फोनवर? मीच बोलतोय हे तिला कशावरून कळणार?"

एसटीत भाऊ मोबाइलवर तक्रारींना उत्तरं देत बसले. एकानं लिहिलं होतं, आधी निदान साइट उघडत तरी होती. भाऊंनी लिहिलं, "उघडत होती. कोणाची, ते मला माहीत नाही."

पाचोऱ्यात दार वाजवलं. आतून "कोन शे?" आलं. भाऊ खोकत "मी" म्हणाले आणि दार उघडलं. भाऊ तिथंच चिडले. "नुसतं 'मी' म्हटलं आणि उघडलं? कशावरून मी?"

"तुना खोकला वळखस मी," अक्का म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

भाऊंनी आधी आपल्या फोनवरून तिचा पासवर्ड बदलला. काही वेडंवाकडं झालेलं नव्हतं. मग तिच्या कॉम्प्युटरवर नवं पॅकेज चढवलं. पेन्शनची साइट उघडायला गेलं की आता मराठीत मजकूर यायचा, 'हि साइट खरि आहे का, हे मला तपासता येत नाही. म्हणून उघडत नाही. क्षमस्व.' अक्कानं तो चष्मा लावून वाचला आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्या.

"पेन्शनचं काय मग?"

"मी येत जाईन. माझ्या फोनवर करू."

भाऊ हात धुवायला गेले तेव्हा अक्कानं मला कपाट उघडून दाखवलं. साड्यांखाली एक कोरा लॅपटॉप होता, खोक्यावरची चिकटपट्टीही तशीच.

"पुण्याहून पोऱ्यानं पाठवला. त्याच्यात पेन्शन-बिन्शन बठ्ठं चालतं म्हणे," ती हळूच म्हणाली. "पण हाऊ लावला तर मना भाऊ इकडे येवाव नही. वहिनी गेल्यापासून एकलाच जेवतो तिकडे. तू बोलू नको."

 परतीच्या एसटीत भडगाव गेल्यावर भाऊच म्हणाले, "खोका दाखवला का तिनं?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"भाच्यानं घेताना मलाच विचारलं होतं. मॉडेल मीच निवडून दिलं." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या महिन्यात तिच्या स्क्रीनवरची अक्षरं जरा मोठी करून द्यायची आहेत. एका दिवसात व्हायचं नाही. मुक्काम करावा लागेल."