सोळा इंची आरसा

आमच्या इमारतीत रोज संध्याकाळी सहा वाजता तांदळाचं एक पोतं फिरायला निघतं. दुसऱ्या मजल्यावरून ते केदारीभाऊंच्या छातीशी बिलगून खाली येतं, आवारातल्या पारिजातकाखाली पाच मिनिटं टेकतं आणि तसंच परत वर जातं. तीस किलो इंद्रायणी, तोंड सुतळीने शिवलेलं. गेल्या दीड वर्षात त्यातला एक दाणा शिजलेला नाही.

हे पोतं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भाऊ तांदूळ विकायला निघालेत. मी तळमजल्यावर राहते, माझ्या दारावरूनच सगळी वर्दळ जाते. मी विचारलं, "काय भावाने देताय?"

भाऊ धापा टाकत म्हणाले, "बाई, ह्यो तांदूळ न्हाई. ह्यो आरसा हाय."

मी दार लावून घेतलं. तीस वर्षं शाळेत काढल्यामुळे कुठल्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायचा नाही, एवढं मला कळतं. पण भाऊंना दार लावलेलं कळत नाही. त्यांनी बेल वाजवली आणि जिन्यातच पोत्यावर बसून मला सगळं समजावलं.

भाऊंना दुर्बीण घ्यायची होती. आकाश बघायची, डॉब्सन पद्धतीची. म्हणजे लाकडी बैठकीवर तोफेसारखी बसवलेली जाड नळी आणि तिच्या तळाशी आरसा. मोटर नाही, वायर नाही. हाताने ढकलायची आणि बघायचं. मोठी असली तरी सुटे भाग करून गाडीत घालता येते, ही तिची खुबी. भाऊंच्या मनात भरली होती सोळा इंची. नुसता आरसाच सोळा इंच रुंद, पुऱ्या लाटून ठेवायच्या परातीएवढा. त्याची पेटी तीस किलोची. ती आपल्याला चौसष्टाव्या वर्षी दोन मजले चढवता-उतरवता येईल का, याची तांदूळ घेऊन तालीम चालली होती. इमारतीला लिफ्ट नाही.

भाऊ रेल्वेत होते. घाटातल्या सिग्नलांची देखभाल करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "ट्रायल घेतल्याबिगर लाईन चालू करायची न्हाई," हे वाक्य ते रेल्वेतून घरी घेऊन आले आणि मग ते त्यांनी कशालाही लावलं. नवा कुकर आणला की नुसत्या पाण्यावर अकरा शिट्ट्या काढायच्या. पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी नवरदेवाचा घोडा रिकामाच मांडवापर्यंत चालवून बघितला होता, फटाक्यांसकट. घोडा वठणीवर होता. घोडेवाला मात्र अजून भाऊंना रस्त्यात बघितलं की बाजू बदलतो.

दुर्बिणीच्या बाबतीत सगळ्या कुसगावात त्यांनी सल्ल्यासाठी मलाच निवडलं, कारण मी भूगोल शिकवत असे. आकाश माझ्या खात्यात येतं असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी जन्मभर खनिजं आणि मोसमी वारे शिकवले. आकाशाचा धडा परीक्षेला दोन मार्कांना असायचा आणि तो मी बहुतेक वर्षी पोरांना घरी वाचायला सांगितला. हे मी भाऊंना चारदा सांगितलं. "लय विनय हाय बाई तुमच्यात," असं म्हणून त्यांनी पाचवा प्रश्न विचारला.

प्रश्न एकच असायचा. "घ्यायची का न्हाई?"

या माणसाचं मन जिन्यावरच बदलायचं. दुसऱ्या मजल्यावरून निघताना "घ्यायचीच." पहिल्या मजल्यावर "गुडगं काय म्हनत्यात बगू." माझ्या दाराशी पोचेपर्यंत "न्हाईच घ्यायची, बाई. हितं आबाळ असतंय तरी किती दिस मोकळं?" आणि खरंच होतं ते. मावळात पाच महिने आकाश असतं यावर विश्वासच ठेवावा लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे कमरेच्या पट्ट्याला बुरशी येते, आरसा काय टिकणार? उरलेले महिने शनिवार-रविवार लोणावळ्याच्या रिसॉर्टवाल्यांचे झोत ढगांना गुदगुल्या करत असतात. मी "मग नका घेऊ" म्हटलं, की भाऊ लगेच दुसऱ्या बाजूचे वकील. "असं कसं म्हनता? थंडीत काय आबाळ असतंय हितलं! पवना धरणाकडं गेलं की झालं." मी "मग घ्या" म्हटलं की पुन्हा बुरशी. सकाळी दूध घ्यायला निघाले तरी तेच, लाईट बिल भरायला निघाले तरी तेच. भाऊंच्या पायाला स्वस्थता म्हणून नव्हती आणि त्यांच्यामुळे माझ्या डोक्यालाही.

एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, मग बारा इंची घ्या ना! हलकी असते, तुम्हीच सांगितलंत."

"बारात उजेड कमी पडतो, बाई."

"कुणाला कमी पडतो?"

"डोळ्याला," असं म्हणून ते पोत्यासकट आले होते त्याच्या दुप्पट वेगाने वर गेले. मला वाटलं, हौस आहे माणसाची. मोठी वस्तू ती मोठी वस्तू.

पोत्याची ट्रायल संपेना म्हणून त्यांनी सांगाड्याची काढली. प्लायवूडची बैठक, वर पुठ्ठ्याचं पिंप काळं रंगवून, मध्ये पडद्यांच्या आठ नळ्या आणि तळाशी, वजनासाठी, अर्थातच तांदूळ. एका रविवारी हे सगळं आपल्या जुन्या गाडीत कोंबून ते लोहगडवाडीला निघाले. गाडीत बसतं का, कच्च्या रस्त्यावर टिकतं का आणि जोडायला किती वेळ लागतो हे बघायला. तज्ज्ञ म्हणून मी मागे, मांडीवर दोन नळ्या. पुढे सुमनवहिनी, भाऊंच्या पत्नी.

गडाच्या पायथ्याला एका भज्यांच्या टपरीशेजारी भाऊंनी भर दुपारी दुर्बीण जोडायला घेतली. ट्रेकवाल्या मुलामुलींनी गराडा घातला. टपरीवाल्या मावशी पदराला हात पुसत आल्या.

"काय वं भाऊ, काय दिसतं ह्यातनं?"

"अजून काय न्हाई, मावशी. आत तांदूळ हाय."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी गडाकडे बघितलं.

"तांदूळ बगाया येवढ्या लांब आला व्हय?" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडं बी हाय की चार पोती." मग त्यांनी आम्हाला भजी दिली आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. वेड्यांना जेवू घालतात तसं. जोडायला चाळीस मिनिटं लागली. भाऊ परतीच्या वाटेवर म्हणत होते, "चाळीस लय झाली. मग काय करायचं, बाई? घ्यायची का न्हाई?"

या सगळ्यात सुमनवहिनी एक अक्षर बोलत नसत. हसत मात्र असत. त्यांना साखरेचा विकार आहे आणि त्याने डोळ्यांवर परिणाम झालाय, हे मला ठाऊक होतं. किती झालाय, ते त्या कुणाला कळू देत नसत. "जरा धुरकट दिसतं," एवढंच. चहा ओतताना कपाच्या काठाला आतून बोट लावून ठेवत, आणि माझा आवाज जवळ आला की बोट काढून घेत. मग चहा बशीत सांडायचा आणि त्या म्हणायच्या, "बगा, बोलत बसले आन ध्यान न्हाई राह्यलं."

जानेवारीत एका मंगळवारी फोन आला. दक्षिणेकडे कुणी एक कारागीर आहे, स्वतः आरसे घासून दुर्बिणी बनवतो. भाऊ दीड वर्ष त्याचंही डोकं खात होते. तो म्हणाला, सोळा इंची आरसा एकच तयार आहे, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, रविवारी दुपारपर्यंत हो की नाही ते सांगा. नंतरचा आरसा कधी, ते सांगता येत नाही.

त्या आठवड्यात पोतं दिवसातून तीनदा खाली आलं. शुक्रवारी भाऊ म्हणाले, "बाई, एक ट्रायल राह्यली. खऱ्या दुर्बिनीची."

तळेगावच्या एका ओळखीच्या इंजिनियरकडून त्यांनी एका संध्याकाळपुरती आठ इंची दुर्बीण मागून आणली, तशाच पद्धतीची, लहान. शनिवारी दिवेलागणीला आम्ही तिघं इंदुरीच्या पुढे, नदीकडेच्या एका ओळखीच्या शेतावर पोचलो. भात काढून झालेलं, रान मोकळं. थंडी अशी की मी स्वेटरवर शाल आणि शालीवर गाडीतली चादर घेतली होती. वाटभर भाऊ वहिनींना पढवत होते.

"आज गुरू बगायचा. पिवळट गोळा दिसंल. त्याच्या बाजूला चार ठिपके, एका वळीत. त्ये त्याचे चंद्र. गोळ्यावर पट्टे असत्यात, त्ये ह्यातनं दिसत्याल न दिसत्याल. ठिपके मातुर दिसाया पायजेत."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "पिवळट गोळा. चार ठिपके."

वहिनी गाडीत उबेला बसल्या. भाऊंनी नळी फिरवून फिरवून गुरू धरला, आधी आपण पाहिला, मग मला म्हणाले, बगा. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून "अगंबाई!" निघालं. खरंच चार ठिपके होते, एका ओळीत, शहाण्या मुलांसारखे. भूगोलाच्या बाईने पासष्टाव्या वर्षी गुरूचे चंद्र पहिल्यांदा पाहिले, हे आता कबूल करते.

भाऊ वहिनींना आणायला निघाले. दव पडत होतं. परक्याची वस्तू, आरसा ओला व्हायला नको, म्हणून जाताना त्यांनी आठवणीने नळीच्या तोंडावर झाकण घातलं. मग गाडीपासून ढेकळांतून वहिनींचा हात धरून एकेक पाऊल टाकत त्यांना घेऊन आले, स्टुलावर बसवलं, त्यांचं डोकं हलक्या हाताने पुढे केलं.

"लाव डोळा. हां. दिसलं?"

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या.

"व्हय की," वहिनी म्हणाल्या. "दिसलं."

"काय दिसलं?"

"पिवळट गोळा. आन बाजूला चार ठिपके. एका वळीत. लय झ्याक दिसत्यात हो."

भाऊंनी दोन्ही हातांनी आपलं तोंड पुसलं. इतकं खूश झालेलं मी त्यांना पोरीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. "बाई, ऐकलं का? ठिपके दिसले तिला! आठ इंचीतनं दिसले!" आणि मग, पट्टेही दिसतात का ते बघायला त्यांनी स्वतः डोळा लावला.

ते वाकले ते वाकूनच राहिले. मग त्यांचा हात नळीवरून सरकत सरकत वर तोंडापाशी गेला आणि झाकणावर थांबला.

मलाही ते तेव्हाच दिसलं. चांगलं पांढरं झाकण, चांदण्यातही दिसेल असं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काय न्हाई," भाऊ म्हणाले. "ढग आला जरा."

आकाशात औषधालाही ढग नव्हता.

"मोठीतनं आनखी झ्याक दिसंल," वहिनी म्हणाल्या. "घ्या तुमी. उगं माज्यापायी थांबू नगा."

येताना गाडीत भाऊंनी घ्यायची का न्हाई हेसुद्धा विचारलं नाही. मला रात्रभर नीट झोप लागली नाही.

सकाळी आठच्या सुमाराला बेल वाजली. भाऊ दारात होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले.

"झाकन तुमी बी बगितलं, बाई."

"हो."

"खोटं बोलली ती."

"तुमच्यासाठी बोलल्या, भाऊ."

"त्ये कळतं मला." त्यांनी चपलेचा अंगठा चाचपला. "डाक्टर म्हनला हुता, तिची नजर जेवढी हाय तेवढी बी कवा जाईल सांगता येत न्हाई. म्हनून सोळा म्हनत हुतो. येवढा मोठा आरसा, येवढा उजेड गोळा करनार, म्हनलं तिच्या डोळ्याला पुरंल. आन दीड वरीस त्याला 'पाठवा' काय म्हनलो न्हाई. आनली आन तिला न्हाईच दिसलं, तर मग काय राह्यलं? न आनता निदान दिसंल असं तरी वाटत हुतं."

मी दीड वर्ष या माणसाची टिंगल केली होती. गुडघे, बुरशी, रिसॉर्टचे झोत, सगळं खरं मानून त्यावर माझे शहाणे सल्ले दिले होते. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच करड्या आवाजात बोलते.

"मग आता काय ठरवलंत? आज रविवार आहे."

"फोन केला मगाशी. म्हनलं, पाठवून द्या."

"सोळा इंची?"

"सोळा."

"भाऊ," मी म्हटलं, कारण कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, "वहिनींना नाही दिसायचं त्यातून."

"ठावं हाय." भाऊ उठले. "पर काल तिनं काय सांगितलं ऐकलं का तुमी? माजाच शबुद न् शबुद. पिवळट म्हनलो तर पिवळट. येवढं मन लावून तर आमच्या सायबानं बी माजं कदी ऐकलं न्हाई. आता मी बगनार आन तिला सांगनार. मग सांगनाऱ्याला तरी नीट दिसाया पायजे का न्हाई?"

वरून वहिनींची हाक आली. काय म्हणाला दुर्बीणवाला, असं त्या विचारत होत्या.

"पाठवतोय गं!" भाऊ ओरडले आणि जिना चढू लागले. दोन-चार पायऱ्या चढले असतील नसतील, त्यांनी तिथूनच सांगायला सुरुवात केली. "पट्टे बी दिसत्याल म्हनला. दोन मोठे, तांबूस, मंदी बारीक बारीक. आन खालच्या पट्ट्यापाशी एक डाग हाय, ऐकतीस न्हवं? लांबट, अंड्यावानी..."

"ऐकते," वहिनी वरून म्हणाल्या. "सावकाश सांगा."