पेंडसेकाकांच्या लाल सूचना

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम अकरा पौंड नव्याण्णव पेन्स. हजर: हॅरोतल्या आमच्या लायब्ररीच्या बाई, पेंडसेकाका आणि साक्षीदार म्हणून मी. प्रकरण असं, की पेंडसेकाका कादंबरीतल्या माणसांना सूचना देतात. लेखी. पानाच्या समासात, लाल शाईने, मराठीत.

काका आमचे शेजारी. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी इमारतींमधली आगीपासूनची सुरक्षा तपासली. निवृत्तीनंतर तपासायला इमारती उरल्या नाहीत, म्हणून ते आजकालच्या इंग्रजी कादंबऱ्या तपासतात. कुंपणावरून मला रोज अहवाल मिळतो.

"अहो, पान बावन्न. पोरगी मेणबत्ती पेटती ठेवून झोपली. लक्षण बरं नाही."

"काका, ती पोरगी खोटी आहे."

"पोरगी खोटी, भाडं खरंय ना? महिना नऊशे पौंड, आणि खोलीत स्मोक अलार्म नाही!"

सगळ्यात जास्त धसका त्यांनी शेवटांचा घेतलाय. "पूर्वी माणसं लग्न तरी करायची, नाहीतर मरायची. आता नुसती फोनकडे बघत बसतात आणि लेखक मधूनच उठून जातो. वाचणाऱ्याने झोपायचं कसं?"

मलाही सूट नाही. आमची जादा किल्ली कुंडीखाली असते हे कळल्यावर त्यांनी मला तीनदा झापलं. "कुंडीखाली किल्ली म्हणजे चोराला आमंत्रण!" चौथ्यांदा ऐकायला नको म्हणून हिने ती हलवली.

तर लायब्ररीचं पत्र आलं: पुस्तक खराब केल्याची ही तिसरी वेळ, येऊन भेटा. काका दोन दिवस धड जेवले नाहीत. "कार्ड काढून घेतलं तर मी दिवसभर करू काय हो?" असं त्यांनी मला बसमध्ये पाच वेळा विचारलं. मी मोजलं.

बाईंनी पुस्तक उघडून समोर ठेवलं. "निदान पेन्सिल तरी वापरायची," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"पेन्सिल पुसली जाते," काका म्हणाले. "सूचना पुसली जाऊन चालत नाही."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"लिहिलंय तरी काय?" बाईंनी मला विचारलं. मी एकेक सूचना इंग्रजीत सांगत गेलो. पान एकतीस: दाराला साखळी लाव. पान अठ्ठ्याऐंशी: वाचल्याशिवाय सही करू नकोस. पान एकशे बारा: तीन आठवडे झाले, वडिलांना फोन कर. इथे बाई हसायच्या थांबल्या.

शेवटच्या पानावर कादंबरीतला मुलगा नोकरी सुटून, बॅग घेऊन बर्मिंगहॅमच्या स्टेशनवर उभा आहे. कुठे जावं ते त्याला कळत नाही. लेखक तिथेच थांबलाय. खाली लाल शाईत लिहिलं होतं: "लंडनची गाडी पकड. मग मेट्रोपॉलिटन लाइनने हॅरोला ये. वरची खोली रिकामी आहे, चादर धुतलेली आहे. मी झोपलो असेन तर किल्ली कुंडीखाली."

वरची खोली त्यांच्या मुलाची, नितीनची. तो ग्लासगोला असतो. त्याला घरी आलेलं मी चार वर्षांत पाहिलेलं नाही.

"आणि हे?" बाईंनी विचारलं.

"पत्ता आहे," मी म्हणालो.

त्यांनी काकांकडे पाहिलं. मग पुस्तकाची किंमत भरा, पुस्तक तुम्हीच ठेवा, कार्ड चालू राहील, असं सांगितलं. काकांनी लगेच पैसे भरले आणि पावती दोनदा तपासली.

घरी सोडताना त्यांच्या दाराशी मला जिरेनियमची कुंडी दिसली. मी वाकलो.

"राहू द्या हो," काका घाईने म्हणाले. "तिला हात नका लावू."

अकरा पौंड नव्याण्णव पेन्स, लायब्ररीला, पेंडसेकाकांकडून. कुंडी मी उचलली नाही.